साताऱ्याच्या घाटाआधीचे सोळा आठवडे

प्रश्न: माझं वय ४२. सिंहगड रस्त्याला राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. चार महिन्यांपूर्वी घराजवळच्या रनिंग ग्रुपमध्ये जायला लागले. गेल्या महिन्यात १० किलोमीटर १ तास १८ मिनिटांत पळाले. त्या हुरुपात सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला, म्हणजे घाटातल्या २१ किलोमीटरला, नाव घातलं. आता हातात १६ आठवडे आहेत. अडचणी तीन. रविवारच्या लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, मी कायम शेवटी. पहिल्या दोन किलोमीटरनंतर बाकीचे दिसेनासे होतात. आठ-नऊ किलोमीटर झाले की उतारावर उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते. आणि पावसाळा, त्यात घरचा गणपती, यांत हे सगळं बसवायचं कसं? ग्रुपमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: गणपतीचं सोपं आहे, ते शेवटी बघू. बाकीच्या दोन अडचणी मला दोन वाटतच नाहीत. तुम्ही मागे पडता म्हणून ताणून पळता, आणि ताणून पळता म्हणून गुडघा दुखतो, असा माझा अंदाज आहे.

साधा हिशेब करू. १० किलोमीटरला ७८ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ४८ सेकंद. हा तुमचा जीव तोडून पळण्याचा वेग. रविवारी तुमचा ग्रुप कितीने निघतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन किलोमीटरमध्ये दिसेनासे होतात म्हणजे किलोमीटरला सात किंवा सव्वासात मिनिटांनी निघत असणार. त्यांच्यासाठी तो गप्पा मारत पळण्याचा वेग आहे. तुमच्यासाठी ती शर्यत आहे. म्हणजे दर रविवारी तुम्ही आधी दोन किलोमीटर शर्यत पळता, मग दमता, मग पुढचे आठ किलोमीटर मनातल्या मनात स्वतःला बोल लावत पूर्ण करता. याला लाँग रन म्हणत नाहीत.

तुमचा लाँग रन किलोमीटरला ९ ते साडेनऊ मिनिटांनी व्हायला हवा. हो, इतका हळू. कसोटी घड्याळाची नाही, तोंडाची आहे: पळता पळता शेजारणीला कालच्या शाखेतल्या भांडणाची हकिकत सलग सांगता आली पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. शेजारी कुणी नसेल तर रामरक्षा म्हणा. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू तेच करतात आणि श्लोक तुटला की वेग कमी करतात. त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही मोठी दुखापत झालेली नाही.

हळू पळून काय मिळतं, असं ग्रुपमधला एखादा उत्साही तरुण विचारेलच. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, चरबी जाळून ताकद मिळवायची सवय लागते. हे सगळं कमी वेगात, जास्त वेळ पळूनच उत्तम होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडं, हाडांना हाडांशी जोडणारे अस्थिबंध आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे यांना कित्येक महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नेमकं हेच होतं: छाती म्हणते जा, आणि पाय अजून तयार नसतात. तुम्ही आत्ता बरोबर त्याच टप्प्यावर आहात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पळायला लागून दुसरं वर्ष होतं, ग्रुपमधल्या तिघी माझ्यापेक्षा वेगवान होत्या आणि त्यांच्या मागे राहणं माझ्या मानीपणाला सोसत नव्हतं. दर रविवारी त्यांच्या खांद्याला खांदा लावून पळाले. नडगी दुखायला लागली तेव्हा बर्फ लावून पळाले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा निघाला. तीन महिने घरी. त्या तिघी मला बघायला आल्या होत्या, पेढे घेऊन. त्यांनी मला कधी ओढलं नव्हतं. मीच लोंबकळत होते.

तरीही ग्रुप सोडू नका, असंच मी सांगेन. पहाटे सव्वापाचला तळजई टेकडीच्या पायथ्याशी कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्या एका गोष्टीने जुलैतल्या पावसात माणूस अंथरुणातून उठतो. त्याला दुसरा पर्याय नाही. बाईमाणसाला अंधारात रस्त्यावर सोबत हवी, कुत्री असतात, घसरून पडलं तर उचलायला कुणी हवं. ग्रुपचा उपयोग यासाठी. वेग ठरवायला नाही.

आता यावर आम्ही काढलेली एक युक्ती सांगते, तुमच्या कोचला सुचवून बघा. अंतर ठरवून पळू नका, वेळ ठरवून पळा. सगळे एकत्र निघतात, ज्याच्या त्याच्या चालीने जातात आणि पन्नासाव्या मिनिटाला जो जिथे असेल तिथून उलटा फिरतो. वेगवान माणूस सात किलोमीटर गेलेला असतो, तुम्ही साडेपाच. परतताना सगळे साधारण एकाच वेळी पायथ्याशी पोचतात, आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये ते मागून येऊन तुम्हाला गाठतात. शेवटी पोचल्याची ती जी बोचणी असते ना, संपलेल्या केळ्यांच्या सालींकडे बघण्याची, ती जाते. दुसरा उपाय म्हणजे फेऱ्या. दीड-दोन किलोमीटरची फेरी असेल तर कुणीच हरवत नाही आणि पाण्याची बाटलीही एकाच जागी ठेवता येते. आमच्याकडे शिवाय दर रविवारी एक अनुभवी माणूस आळीपाळीने शेवटच्या धावपटूबरोबर राहतो, स्वीपर म्हणून. तुमच्या ग्रुपमध्ये ही पद्धत नसेल तर मागून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ग्रुपची वर्गणी तुम्हीही भरता.

चालण्याबद्दलही एक सांगते. लाँग रनमध्ये सुरुवातीपासूनच चार मिनिटं पळणं, एक मिनिट झपझप चालणं असं केलंत तर तुमची एकूण वेळ फारशी वाढत नाही आणि पाय मात्र खूप कमी थकतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकी जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत हजारो सामान्य माणसांपर्यंत नेली. अट एकच: दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. साताऱ्यात तर घाटात चालावं लागणारच आहे. मग त्याचा सराव आत्तापासूनच का नको?

आता गुडघा. मी डॉक्टर नाही, पण बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर, उतारावर किंवा जिना उतरताना जास्त दुखणं ही इलिओटिबियल बँडच्या तक्रारीची ठरलेली लक्षणं आहेत. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा हा जाड पट्टा. अंतर एकदम वाढवलं, कुल्ह्याचे स्नायू कच्चे असले, टाच पुढे टाकून लांब ढांगा टाकल्या की गुडघ्यापाशी त्याच्यावर ताण येतो. आणखी एक कारण पुण्यात हमखास सापडतं. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने पळलात तर एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनेच पळायचं, हे बरोबरच आहे, ते सोडू नका. पण आठवड्यातला एक रन तरी सपाट मैदानावर किंवा टेकडीवरच्या मातीत करा.

पुढचे दोन आठवडे रविवारी सात किलोमीटरवर थांबा. दुखायला लागायच्या आधी. नेहमीचं माप असं: दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल, पळण्याची ढब बदलत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नसेल तर चालवून घ्या. लंगडायला लागलात की रिक्षा करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, सूज आली, गुडघा अडकल्यासारखा वाटला किंवा रात्री झोपेत ठणकायला लागला तर फिजिओथेरपिस्टकडे किंवा ऑर्थोपेडिककडे जा, ग्रुपमधल्या कुणाच्या मामेभावाकडचं तेल आणू नका. पेनकिलर घेऊन पळणं तर अजिबात नको. दुखणं झाकलं जातं हे एक, आणि घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर भार पडतो हे दुसरं.

व्यायाम मात्र आजपासूनच. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं, घरीच. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं (नंतर एका पायावर), भिंतीला धरून एका पायावर टाचा उचलणं. यांतला सगळ्यात कामाचा, आणि सगळे टाळतात तो, म्हणजे जिन्याच्या पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा आणि परत वर. तीन मोजत खाली, एक मोजत वर. आरशासमोर करा, वाकलेला गुडघा आतल्या बाजूला ढळता कामा नये. एका पायाला दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. हाच व्यायाम तुम्हाला साताऱ्याच्या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट सुखरूप उतरवणार आहे.

उताराचं का एवढं? सातारा हिल मॅरेथॉन २०१२ पासून होते, २०१५ मध्ये एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटूंसाठी तिची गिनेसमध्येही नोंद झाली. पण तिची खरी ओळख तिचा रस्ता. शहरातून निघालात की यवतेश्वरचा घाट लागतो, वर कासच्या रस्त्याला लागून उलटं फिरायचं आणि त्याच वाटेने खाली. पहिला निम्मा भाग जवळजवळ चढाचा, दुसरा उताराचा. चढाची भीती सगळ्यांना असते, म्हणून सराव सगळे चढाचाच करतात. शर्यतीत पाय जातात ते उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच जोर लावून शरीर सावरत असतात. यात त्यांचे बारीक तंतू तुटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जिना उलटा उतरतो. यात एक चांगली गोष्ट आहे: एकदा बेताने उताराचा सराव केला की ते स्नायू पुढचे काही आठवडे त्या माराला बरेच सोसतात. म्हणून सरावात उतार हवाच, फक्त गुडघा शांत झाल्यावर.

सोळा आठवड्यांचं मी असं धरेन. तीन दिवस पळणं, दोन दिवस घरचा व्यायाम, एक दिवस हवं तर चालणं, एक दिवस काहीही नाही. मंगळवारी पाच-सहा किलोमीटर निवांत. गुरुवारचा दिवस पहिला महिनाभर तसाच. मग त्यात चढ आणायचा. सुरुवातीला दोनशे मीटरचा मध्यम चढ, वर जाताना दम लागेल इतपत, खाली चालत, असं चार वेळा, पुढे आठपर्यंत. रविवारी लाँग रन: गुडघ्याचे दोन आठवडे सात, मग नऊ, दहा, अकरा, असं दर आठवड्याला एखाद्या किलोमीटरने वर, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम खाली. शर्यतीच्या तीन आठवडे आधी १७-१८ पर्यंत पोचलात की झालं. पूर्ण २१ सरावात पळायची गरज नाही. नऊच्या वेगाने १८ किलोमीटर म्हणजे २ तास ४२ मिनिटं होतात. त्यापुढे सरावातून मिळतं कमी आणि मोडतोड जास्त. ग्रुपमधले काही जण 'एकदा तरी २४ मारून ठेव' म्हणतील. म्हणू द्या.

एखादा आठवडा तापात किंवा ऑडिटमध्ये गेला तर तो गेला. पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरपाई करायची नाही. बँकेसारखं इथे थकबाकीवर व्याज लागत नाही.

डोंगराचा सराव पुण्यात सोपा आहे. बोपदेव घाटात कोंढवा-येवलेवाडीच्या अंगाने चढून गेलात की साताऱ्याची बऱ्यापैकी रंगीत तालीम होते. पण तिथे ग्रुपनेच जायचं, उजाडल्यावरच, आणि कडेने एका रांगेत. सिंहगड तुम्हाला जवळ आहे. आतकरवाडीच्या पायवाटेने चढणं हा पायांना उत्तम व्यायाम, फक्त पावसाळ्यात त्या दगडांवरून पळत उतरायचं नाही, शेवाळ असतं. वर जाऊन दही खा, पिठलं-भाकरी खा, चालत उतरा. डांबरी घाटरस्त्याने रविवारी जाऊ नका, गाड्यांच्या रांगेत धूर खात पळण्यात अर्थ नाही. आषाढी वारीच्या दिवसांत आमच्यातले काही जण माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड, दिवेघाट चढून, चालतात. तो टप्पा तीसेक किलोमीटरचा, दिवसभराचा. पायांवर इतका वेळ उभं राहण्याचा असा सराव कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. जायचं असेल तर त्या आठवड्याचा लाँग रन सोडून द्या, आणि तुमच्या वेगापेक्षा सत्तरीच्या आजीबाईंचा वेग जास्त आहे हे हसून सोडून द्या.

उतरायचं कसं, तेही सांगते. पावलं लहान आणि भराभर. टाच पुढे आपटून ब्रेक लावत उतरायचं नाही. पाऊल शरीराच्या खालीच पडलं पाहिजे. अंग मागे रेलू नये, घोट्यातून किंचित पुढे. हात थोडे बाहेर, तोल सांभाळायला. नजर पायाशी नको, दहा-पंधरा पावलं पुढे. आवाज ऐका: पावलांचा थप-थप आवाज मोठा होत असेल तर तुम्ही आपटताय. शेवटचा मोठा उताराचा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

पावसाचं तुम्हाला जितकं भय वाटतंय तितकं नाही. खरं तर मे महिन्याचं ऊन जास्त वाईट. पावसात पळताना सुती कपडे नकोत, भिजून जड होतात आणि कातडी सोलतात. काखा, मांड्या, ब्राच्या पट्ट्यांखाली व्हॅसलीन भरपूर लावा. एकदा विसरलात की अंघोळीच्या वेळी जन्मभराची आठवण राहते. पुढे झाप असलेली टोपी, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. भडक रंगाचं जाकीट किंवा चमकणाऱ्या पट्ट्या, आणि पाठीमागे लुकलुकणारा छोटा दिवा. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, खाली खड्डा आहे की उघडं झाकण, सांगता येत नाही. विजा कडाडत असतील तर टेकडीवर जायचं नाही, त्या दिवशी घरीच व्यायाम. बुटांचे दोन जोड असतील तर सोय होते; ओल्या बुटांत रद्दीचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा गॅसजवळ नको. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. नाहीतर चिखल्या होतात, आणि मग पुढचा महिना पळण्यापेक्षा खाजवण्यात जातो.

बुटांविषयी तीनच वाक्यं. पाय पळताना फुगतात, म्हणून संध्याकाळी जाऊन, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घ्या. ग्रुपमध्ये ज्या महाग बुटांची चर्चा चालते त्यांची तुम्हाला गरज नाही, पायाला आरामशीर वाटतो तोच बूट चांगला. शर्यतीसाठी नवा घेणार असाल तर निदान महिनाभर आधी घ्या.

खाण्यात मी जरा सविस्तर जाते, कारण बायका इथेच चुकतात. रविवारी पहाटे रिकाम्या पोटी निघू नका. अर्धं केळं किंवा दोन खजूर, सवय असेल तर कपभर चहा. तास-सव्वातासाच्या पुढे पळणार असाल तर वाटेत साखर लागते, साधारण तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. शेंगदाण्याची चिक्की चावायला वेळ लागतो आणि घशाला चिकटते, राजगिऱ्याची बरी. खजूर, गुळाचे खडे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं धावपटूंच्या जेलइतकंच (पाकिटातल्या साखरेच्या घट्ट पाकाइतकंच) काम करतं. साताऱ्यात जेल घ्यायचं असेल तर तेच जेल सरावात दोन-तीनदा घेऊन बघा. काहींच्या पोटाला ते मानवत नाही, आणि ते घाटात कळू नये.

पाणी तहान लागेल तसं. दर स्टॉलवर दोन-दोन ग्लास रिचवत जाऊ नका. दोन-तीन तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि सावकाश पळणाऱ्यांनाच तो धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो. पळायच्या आधी आणि नंतर वजन करून बघा: वजन वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात.

घरी आल्यावर तासाभरात नीट जेवण. ग्रुपबरोबर मिसळ खायला माझी हरकत नाही, पण दिवसभर नुसती मिसळ आणि चहा यावर मांड्या भरून येत नाहीत. उसळ, अंडी, पनीर, दही, जे घरात चालतं ते दुपारी आणि रात्रीही. श्रावणी सोमवारचा उपवास रविवारच्या लाँग रननंतर येतो, तर निदान फळं, दूध, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ हे पोटभर घ्या. रविवारीच एकादशी किंवा चतुर्थी आली तर लाँग रन शनिवारी करा. उपाशी पोटी सोळा किलोमीटर पळण्यात पुण्य नाही. पाळीच्या दिवसांत पळायला हरकत नाही, नको वाटलं तर नका पळू. मात्र रक्तस्राव जास्त होत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, वेग विनाकारण उतरत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. मी वर्षभर 'वय झालं' म्हणत होते, निघालं लोह कमी. एकूणच सराव वाढवण्याआधी रक्तदाब, साखर आणि एक ईसीजी करून घ्या. पळताना छातीत दाब वाटला, जबडा किंवा हात भरून आला, भोवळ आली तर तिथेच थांबायचं आणि शेजारच्याला सांगायचं. त्या दिवशी मेडलचा विचार करायचा नाही.

तापात पळायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये डेंगी आणि चिकुनगुन्या घरोघरी असतात. ताप उतरल्यावर लगेच बूट घालणारे दोघे जण मी पुन्हा अंथरुणात गेलेले बघितलेत. डॉक्टर हो म्हणाले की आधी चालणं, मग पळणं.

आता गणपती. सप्टेंबरच्या आसपास तो येणारच, आणि शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे तसेही कमी पळायचे असतात. अंतर पहिल्या आठवड्यात दोन तृतीयांश, दुसऱ्यात निम्म्याहून कमी. तेव्हा हे जमून येतं. धोका मोदकांचा नाही. उकडीचे मोदक म्हणजे तांदूळ, गूळ आणि खोबरं, धावपटूने खावेत असेच. धोका दिवसभर ओट्याशी उभं राहण्याचा आणि रात्रीच्या जागरणाचा. मोदक वळायला खाली बसा किंवा टेबलाशी बसा, आरतीनंतर पाहुण्यांना दुसऱ्या कुणाला वाढू द्या. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. त्या आठवड्यात सांगितलं तर भांडण होतं.

साताऱ्याला शनिवारी दुपारपर्यंत पोचा, बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) घ्या, फार हिंडू नका. अजिंक्यतारा रविवारनंतरही तिथेच असेल. रात्री वरण-भात, तूप, साधी भाजी. रस्सा आणि मिरचीचा ठेचा शर्यतीनंतर. आयोजकांनी दिलेली कट-ऑफची, म्हणजे शर्यत संपवायच्या मर्यादेची वेळ आणि नकाशा आत्ताच वाचून ठेवा, त्यावरून तुमचं गणित बसेल. सपाटीवर तुमच्या आजच्या दमावर २१.०९७५ किलोमीटरला साधारण २ तास ५० मिनिटं लागली असती. सरावाने ती वेळ कमी होईल, घाटामुळे वाढेल. सव्वातीन तास धरा. ते किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं पडतं. चढावर घड्याळाकडे बघायचं नाही, बोलता येतंय का तेवढंच बघायचं. तीव्र चढ आला की हात मांडीवर टेकवून चालायचं, बाजूने पळणारे जाऊ द्यायचे. त्यांतले बरेच जण परतीच्या वाटेवर तुम्हाला भेटतील. वर धुकं आणि भुरभुर असेल तर थंडी वाजते, वळल्यावर एकदम हलकं वाटतं आणि मग तुम्ही सुसाट सुटाल. तिथेच सांभाळा. वळल्यानंतरचे पहिले तीन किलोमीटर मुद्दाम आवरून, लहान पावलांनी. शहर जवळ आलं, लेझीम आणि ढोल ऐकू यायला लागले, की मग उरलेलं सगळं देऊन टाका. सोमवारी रजा टाका. शाखा पहिल्या मजल्यावर असेल तर नक्कीच टाका.

आणि या शनिवारी रात्री एक काम करा. कोचला फोन करून सांगा की उद्या मी सात किलोमीटरच पळणार आहे, नऊच्या वेगाने, आणि मला स्वीपर हवा आहे. ग्रुपवर मेसेज टाकू नका, फोनच करा. मेसेजला अंगठा येतो, आणि सकाळी तळजईच्या अंधारात तुमच्याबरोबर कुणी थांबलेलं नसतं.